तुसाच्या राखेतून सच्छिद्र सिलिका

रायपूरच्या आसपास राईस मिलजवळून जाताना करडी राख डोळ्यांत गेली नाही असा माणूस विरळा. ही राख तुसाची. शंभर किलो धान भरडले की सुमारे वीस किलो तूस निघते, आणि ते जाळले की चारेक किलो राख उरते. तिच्यात बहुतांशी सिलिका असते, म्हणजे वाळूतलेच द्रव्य. धानाचे रोप ते मातीतल्या पाण्याबरोबर शोषून घेते.

या सिलिकेला ठरावीक मापाची छिद्रे पाडता येतात. अर्थात इतकी बारीक सुई कुठेच मिळत नाही, म्हणून आधी छिद्रांचा साचा करतात. 1992 मध्ये अमेरिकेतील मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एमसीएम-41 हा पदार्थ याच रीतीने केला. पाण्यात साबणासारखे द्रव्य विरघळवले की त्याचे रेणू एकत्र येऊन सूक्ष्म कांड्या बनतात. राख कॉस्टिक सोड्यात उकळून गाळली की सोडियम सिलिकेट मिळते. ते त्या पाण्यात घालून आम्ल टाकले की सिलिका कांड्यांभोवती जमते आणि कांड्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचल्या जातात. मग गाळून, धुऊन, वाळवून साधारण 550 अंश सेल्सिअसला तापवायचे. साचा जळून जातो, पोकळ नळ्या राहतात. रुंदी 2 ते 4 नॅनोमीटर; आपला केस याच्या हजारो पट जाड.

दुर्बिणीच्या पेटीत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी असते, तीही सच्छिद्रच. पण तिची छिद्रे म्हणजे बाजारातली गर्दी. इथे मात्र स्क्वाड रांगेत उभे. एका ग्रॅममधल्या नळ्यांच्या भिंती उलगडल्या तर सुमारे हजार चौरस मीटर भरतील, म्हणजे सहा व्हॉलीबॉल कोर्ट!

एवढ्या भिंतींचा उपयोग काय? त्यांवर गंधकयुक्त रेणू बसवले तर पाण्यातला पारा त्यांना चिकटतो. 2001 मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी नळ्यांत आयबुप्रोफेन हे वेदनाशामक भरले. ते हळूहळू बाहेर झिरपते.

सगळी मेख मात्र भट्टीत आहे. तूस साधारण 700 अंशांखाली जाळले तर सिलिका अस्फटिक राहते आणि सोड्यात सहज विरघळते. आच फार वाढली की ती स्फटिकरूप होते. मग ती विरघळायला हट्टी, आणि तिची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो. म्हणून प्रयोगासाठी मिलची राख आणताना ती किती तापमानाला जळली हे आधी विचारा, आणि चाळताना तोंडावर मास्क बांधा.