झऱ्याच्या पाण्यातले सोडियम

मध्य फ्रान्समधील विशी हे गाव रोमन काळापासून आपल्या उष्ण झऱ्यांसाठी ओळखले जाते. तेथील सेलेस्तँ झऱ्याचे पाणी बाटलीबंद होऊन देशोदेशी जाते. भूगर्भातून वर येताना ते खडकांतील खनिजे विरघळवून घेते. जेवणानंतर पोट जड वाटले की हे पाणी प्यावे, असा तेथील जुना परिपाठ.

परंतु घरात रक्तदाबाचे वा हृदयविकाराचे वडीलधारे असतील, तर बाटलीवरचा खनिजांचा तक्ता आधी वाचावा. या पाण्यात लिटरमागे सुमारे १,१७० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. म्हणजे जिथे लोणचे-पापड बंद झाले, आमटीतले मीठही मोजले जाते, तिथे एक लिटर पाण्याबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम मिठाइतके सोडियम पोटात जाते! शिवाय ते बहुतांशी खाण्याच्या सोड्याच्या रूपात असल्याने मिठाएवढे जिभेला जाणवत नाही.

फ्रान्समधीलच एव्हियाँच्या पाण्यात मात्र लिटरमागे दहा मिलिग्रॅमही सोडियम नसते. ‘नैसर्गिक’ हा शब्द दोघांनाही लागू पडतो.

परदेशाहून येणारी मुले हौसेने अशी बाटली आणतात. निरोगी माणसाने पेलाभर चाखायला हरकत नाही. मीठ कमी करण्यास सांगितलेल्यांनी मात्र तक्ता डॉक्टरांना दाखवूनच काय ते ठरवावे. अक्षरे फार बारीक असतात. नातवंडांकडून वाचून घ्यावीत.