मिलिमीटरचा ऑफसाइड, किलोमीटरचा वाद

शनिवारी रात्री इंग्लिश प्रीमियर लीग आणि रविवारी सकाळी टर्फवर स्वतःची मॅच. रेफरीच्या नावाने खडे फोडण्यात आपली पिढी एक्स्पर्ट झाली आहे. पण ती शिट्टी नेमकी कशासाठी असते, हे कधी पाहिलंय?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी दोघं जण हातवारे करत भांडताना दिसले, तर अप्रेझलचा विषय असेल असं समजू नका. जरा जवळ जाऊन ऐका. ''हॅण्डबॉल होता तो, शंभर टक्के!'' ''कसला हॅण्डबॉल? हात अंगाला चिकटलेला होता!'' एकाच्या हेल्मेटवर आर्सेनलचा स्टिकर, दुसऱ्याच्या मोबाइलच्या कव्हरवर लिव्हरपूलचा पक्षी. दोघांनीही इंग्लंड फक्त टीव्हीवर पाहिलंय. पण मँचेस्टरच्या स्टेडियमात कुठल्या कोपऱ्यातून कॉर्नर घेताना वारा लागतो, हेसुद्धा हे तुम्हाला सांगतील!

हसू नका, या मंडळींचा अभ्यास सॉलिड असतो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला मॅच सुरू होते, तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे ऐन जेवणाची वेळ. गंमत म्हणजे दुपारी तीनच्या या मॅच खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता स्टेडियमात जावं म्हणून १९६० च्या दशकापासून चालत आलेला हा शिरस्ता. त्यामुळे लंडनमधल्या माणसाला घरबसल्या जी मॅच दिसत नाही, ती टेंभुर्णीतल्या पोराला मोबाइलवर दिसते. टेंभुर्णी म्हणजे पुणे-सोलापूर हायवेवरची नव्हे. जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली.

आमच्या ग्रुपमध्ये या टेंभुर्णीचा एक पक्का मेंबर आहे. आठवडाभर पुण्यात कोडिंग आणि दिवाळीला गावी. गावी गेला की वडिलांच्या शेजारी बसून मॅच बघतो. वडिलांना ऑफसाइड कळत नाही, पण रेफरीवर त्यांचा विश्वास मुलापेक्षाही कमी. ''बॉल तर गेला की जाळीत, मग हा न्हाई कसा म्हणतो?'' एवढा एकच त्यांचा प्रश्न असतो. गेल्या वीस वर्षांत इंग्लिश फुटबॉलने कोट्यवधी पाउंड खर्च केले, तेही याच प्रश्नावर.

बॉल आत, गोल बाहेर

४ जानेवारी २००५ ची रात्र आठवा. ओल्ड ट्रॅफर्डवर टॉटनहॅमच्या पेद्रो मेंडेसने जवळपास मधल्या रेषेवरून बॉल उंच मारला. युनायटेडचा गोलकीपर रॉय कॅरलच्या हातून तो निसटला आणि चांगला हातभर आत गेला. कॅरलने ओढून बाहेर काढला. लाइन्समन धावत यायचा होता, त्याला दिसलंच नाही. मॅच ०-०. पुढे २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डच्या गोलचंही तेच झालं. अखेर २०१३-१४ च्या सीझनपासून प्रीमियर लीगमध्ये गोल-लाइन टेक्नॉलॉजी आली. बॉलने रेषा पार केली की रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. झालं, वाद मिटला!

मिटला कसला? १७ जून २०२० ला अ‍ॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेडच्या मॅचमध्ये गोलकीपर बॉल घेऊन सरळ जाळीत गेला आणि घड्याळ गप्प! खेळाडूंची इतकी गर्दी झाली होती की सगळ्याच कॅमेऱ्यांचा बॉल दिसेनासा झाला. ही मॅचही ०-०. सीझनच्या शेवटी व्हिला फक्त एका पॉइंटने लीगमध्ये टिकली.

तोवर व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ असिस्टंट रेफरी, दाखल झाला होता. २०१९-२० च्या सीझनपासून लंडनच्या स्टॉकली पार्कमध्ये स्क्रीनसमोर बसलेले रेफरी मैदानावरच्या रेफरीच्या कानात बोलू लागले. त्यांना चारच गोष्टींत नाक खुपसायची परवानगी आहे: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. रेफरीची चूक अगदी ढळढळीत असेल तरच.

या 'ढळढळीत'चा सगळ्यात भारी किस्सा ३० सप्टेंबर २०२३ चा. टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हीएआरने तपासलं, डियाझ ऑनसाइड होता. पण आतल्या माणसाचा समज असा झाला की मैदानावर गोल दिलेलाच आहे. त्याने 'चेक पूर्ण' म्हणून कळवलं आणि बाहेर मॅच फ्री किकने सुरू झाली. काही सेकंदांत घोटाळा लक्षात आला, पण खेळ सुरू झाल्यावर मागे जाण्याची नियमात सोय नाही. लिव्हरपूल शेवटच्या मिनिटांत हरलं. रेफरींच्या संघटनेने चूक जाहीर मान्य केली, आतल्या संभाषणाची टेपही बाहेर आली. आपल्या ऑफिसातही चुकलेल्या डिप्लॉयमेंटनंतर असंच संभाषण होतं, नाही?

तरीही जून २०२४ मध्ये व्हीएआर बंद करायचा का यावर क्लबांनी मतदान केलं, तेव्हा वीसपैकी एकोणीस जण 'चालू ठेवा' म्हणाले. ठराव आणणारा वुल्व्ज एकटा पडला. एप्रिल २०२५ पासून ऑफसाइडच्या रेषा आखायला सेमी-ऑटोमेटेड तंत्रही आलं. आता खांदा, गुडघा, बुटाचं टोक, सगळं मोजून मिळतं.

रेषा आखताना गुडघा राहिला

वाद इथपर्यंतच असता तर टाइमपास म्हणून सोडून दिला असता. पण १७ ऑक्टोबर २०२० ची एव्हर्टन-लिव्हरपूल मॅच पुन्हा एकदा बघाच.

मॅच सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. लिव्हरपूलचा डिफेंडर व्हर्जिल व्हॅन डाइक बॉलकडे झेपावला आणि एव्हर्टनचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्ड दोन्ही पाय पसरून त्याच्यावर येऊन आदळला. व्हॅन डाइकचा गुडघा नको तसा वळला. व्हीएआरने काय तपासलं? ऑफसाइड. व्हॅन डाइक थोडासा ऑफसाइड निघाला, म्हणून पेनल्टी नाही आणि पिकफर्डला कार्डही नाही. खरं तर ऑफसाइड असला तरी धोकादायक फाऊलला रेड कार्ड देता येतं, नियमच तसा आहे. रेषेच्या हिशोबात सगळे इतके गुंतले की पाय कोणी पाहिलाच नाही. त्या मॅचचा रेफरी मायकल ऑलिव्हर यानेही पुढे मान्य केलं की पिकफर्डला बाहेर काढायला हवं होतं.

त्याच मॅचच्या शेवटी जॉर्डन हेंडरसनचा गोल व्हीएआरने रद्द केला, सादिओ माने केसाच्या अंतराने ऑफसाइड म्हणून. मॅच २-२. मग रात्रभर फॅन कशावर भांडले? मानेच्या कोपरावर! व्हॅन डाइकच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय, हे नंतर कळलं. त्याचा उरलेला सीझन गेला. गतविजेतं लिव्हरपूल तिसरं आलं. तो पुन्हा उभा राहिला, २०२४-२५ मध्ये कॅप्टन म्हणून त्याने लीगची ट्रॉफीही उचलली. पण ते त्याचं नशीब आणि त्याच्या डॉक्टरांची कमाल.

आपण फॅन मंडळी दुखापतीकडे कसं बघतो? पॉइंट्स टेबलच्या चष्म्यातून. सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्ध मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीचा गुडघा गेला. पहिला प्रश्न काय? 'आता सिटीचं काय होणार?' आणि 'माझ्या फँटसी टीमचं काय?' सलग चार वर्षं चॅम्पियन असलेली सिटी त्या सीझनला तिसरी आली, म्हणजे प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. २३ फेब्रुवारी २००८ ला बर्मिंगहॅमच्या मार्टिन टेलरच्या टॅकलने आर्सेनलच्या एदुआर्दोचा पाय मोडला. तेव्हा अव्वल असलेलं आर्सेनल शेवटी तिसरं आलं. आर्सेनलवाले आजही ती ट्रॉफी हातची गेल्याची हळहळ करतात. मैदानावर परतायला एदुआर्दोला जवळपास वर्ष लागलं, ते मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

त्याच्याही आधी, १४ ऑक्टोबर २००६ ला रेडिंगविरुद्धच्या मॅचच्या पहिल्याच मिनिटात चेल्सीचा गोलकीपर पेत्र चेकच्या डोक्याला समोरच्याचा गुडघा लागला. कवटीला फ्रॅक्चर. तो परतला ते डोक्यावर काळं रग्बीचं हेल्मेट घालूनच, आणि निवृत्त होईपर्यंत ते त्याने काढलं नाही. फॅशन नव्हती ती.

हे फक्त साहेबाच्या देशातलं नाही

५ डिसेंबर २००४. बंगळुरूमध्ये फेडरेशन कपची फायनल, गोव्याचा डेम्पो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियरने दोन गोल केले. दुसरा गोल करताना तो गोलकीपरवर आदळला, मैदानावरच कोसळला आणि वाचला नाही. डेम्पोने कप जिंकला, पण तो जल्लोषाचा कप नव्हताच. मैदानावरच्या अपुऱ्या वैद्यकीय सोयीवर तेव्हा देशभर टीका झाली. डेम्पोने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. गोव्यातल्या फुटबॉलवेड्या घरांत तो दिवस आजही निघतो.

आणि कोल्हापूर? तिथे फुटबॉल टीव्हीतून आलेला नाही, तालमीतून आला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही टीमची नावं म्हणजे पेठापेठांच्या तालमींची नावं. शाहू स्टेडियममध्ये लोकल मॅचला जी गर्दी होते, ती बघून मुंबईकरांचे डोळे पांढरे होतात. तिथल्या रेफरीला स्टॉकली पार्क नाही, रिप्ले नाही आणि प्रेक्षक हाकेच्या अंतरावर. त्याने काय दिलं हे त्याला मॅच संपल्यावर पेठेतून चालत जाताना ऐकावं लागतं. एकदा तिथे बसून मॅच बघा. टीव्हीसमोर 'आंधळा आहे का रे' म्हणणं किती सोपं आहे, ते लगेच कळतं.

रेफरी हाही शेवटी तुमच्या-माझ्यासारखा नोकरदार माणूस. ९ मार्च २०२४ ला क्रिस्टल पॅलेस-ल्युटन मॅचला सनी सिंग गिल मैदानात उतरला, प्रीमियर लीगमधला दक्षिण आशियाई वंशाचा पहिला ब्रिटिश रेफरी. त्याआधी तो तुरुंगात अधिकारी होता आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी वाजवत इथवर पोहोचला. त्याचे वडील जर्नेल सिंग पगडी बांधून इंग्लंडमधल्या खालच्या लीगमध्ये रेफरी होते.

आता तुमची मॅच

रात्री साडेबाराला टीव्ही बंद होतो आणि सकाळी सातला टर्फचा स्लॉट बुक असतो. चार तासांची झोप, उपाशी पोट, आठवडाभर खुर्चीत आखडलेलं शरीर आणि डोक्यात कालचा व्हॅन डाइक. रेफरी? तो नसतोच. फाऊल झाला की नाही हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो. तासाचे पैसे वसूल करायचे असल्यामुळे वॉर्म-अपला कोणी थांबत नाही.

इथेच गुडघे जातात. गुडघ्यातलं जे लिगामेंट, डॉक्टरी भाषेत एसीएल, व्हॅन डाइकचं आणि रॉड्रीचं फाटलं, ते फाटायला समोर पिकफर्ड लागतोच असं नाही. जोरात धावताना अचानक वळलात, उडी मारून वाकडे टेकलात, तरी पुरतं. 'टक्' असा आवाज, काही तासांत सूज आणि नंतर चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटणं, ही त्याची ओळख. ऑपरेशन झालं तर पुन्हा खेळायला साधारण नऊ महिने किंवा जास्तच. प्रीमियर लीगच्या खेळाडूकडे त्या नऊ महिन्यांत क्लबचा फिजिओ, जिम आणि पूर्ण पगार असतो. तुमच्याकडे सिक लीव्ह किती उरल्यात, तेवढं बघून ठेवा!

रविवारच्या टर्फचे सहा नियम

१. दहाजणांत एकाने आळीपाळीने शिट्टी धरायची. खेळायचं नाही, फक्त रेफरी. त्याचा निर्णय शेवटचा, चुकला तरी.

२. पहिली पंधरा-वीस मिनिटं वॉर्म-अप: हळू धावणं, उड्या, एका पायावर तोल. फिफाचा '११ प्लस' नावाचा व्यायामक्रम त्यासाठीच आहे आणि नेटवर फुकट मिळतो.

३. आर्टिफिशिअल गवतावर लांब स्टडचे बूट नकोत. स्टड रुततो, पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो. छोट्या रबरी टोकांचे टर्फ शूज घ्या.

४. स्लाइड टॅकल बंद. मागून तर अजिबात नाही. हाच नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी बाहेर बसवा.

५. डोक्याला मार बसला, गरगरलं, मळमळलं तर त्या दिवसापुरता खेळ संपला. 'मी ठीक आहे' हे त्याचं मत धरायचं नाही, थेट डॉक्टर.

६. गुडघा सुजला तर त्यावर मालीश नको. बर्फ, आराम आणि हाडांचे डॉक्टर, याच क्रमाने.

वाद थांबवा असं कोणी म्हणत नाही. वाद नसेल तर सोमवार सकाळची कॉफी कडू लागेल. मानेचं कोपर ऑफसाइड होतं का यावर खुशाल दोन तास घाला. फक्त पुढच्या शनिवारी रिप्ले सुरू झाला की एकदा रेषेवरून नजर काढून पायांकडे बघा. आणि रविवारी सकाळी शिट्टी कोणाकडे आहे, ते टर्फवर उतरण्याआधी विचारा.