माकडाचा मेंदू मोठा का झाला?

ठाण्यातल्या येऊरच्या रस्त्यावर रविवारी सकाळी दोन प्राणी दिसतात. लाल तोंडाचे माकड गाडी थांबली की जवळ येऊन हातातली पिशवी हेरते. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर बहुधा झाडावर बसून पाने खात असते. अंगाने वानर मोठे; पण शरीराच्या मानाने मेंदू मोठा आहे तो माकडाचा. असे का?

एक उत्तर समाजजीवनात आहे. ब्रिटिश संशोधक रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकात मांडले, की कळप जितका मोठा, तितका मेंदूचा 'निओकॉर्टेक्स' हा बाहेरचा थर मोठा. कोणाशी मैत्री, कोणाशी वाकडे, कोणापुढे नमते घ्यायचे, हे सारे ध्यानात ठेवावे लागते. कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये रोजच्या ग्रुपसोबत प्रवास करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरे उत्तर पोटात आहे. मेंदू पोसणे महाग असते. माणसाचा मेंदू वजनाच्या जेमतेम २ टक्के असतो, पण शरीर स्वस्थ असताना सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो. पाने कुठेही मिळतात, मात्र त्यांतून ऊर्जा कमी मिळते. ती पचवण्यासाठी वानराच्या जठरात कप्पे असतात आणि त्यांतले जिवाणू पाने आंबवतात. फळांत साखर भरपूर. पण कोणता उंबर कधी पिकतो, करवंदाच्या जाळ्या कुठे आहेत, हे लक्षात ठेवावे लागते.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये माकड-वानर गटातल्या १४०हून अधिक प्रजातींची तुलना केली. तेवढ्याच वजनाच्या पानखाऊंपेक्षा फळे खाणाऱ्यांचा मेंदू सुमारे २५ टक्के मोठा निघाला. कळपाच्या आकारापेक्षा आहाराचा संबंध ठळक होता. अर्थात, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपण टाकलेले बिस्किट इथेच आड येते. अन्न कुठे शोधायचे, हे पिल्लू आईमागे रानात हिंडून शिकते. रस्त्यावर आयते मिळाले, की ते हिंडणेच थांबते. मेंदू लगेच लहान होणार नाही. पण शिकण्यासारखे उरेल ते पिशव्या हिसकावणे आणि सोसायटीत शिरणे. त्यातून चावे होतात. माकड चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्वरित डॉक्टरांकडे जावे.

येऊरला जाताना खाऊची पिशवी बंद ठेवा. माकडाला त्याचे अन्न शोधता येते.