भीतीचे आणि हसण्याचे एकच कूळ

पुस्तकांमध्येही आपण एक वर्णव्यवस्था मानतो. वरच्या फळीवर गंभीर कादंबरी. तिच्या शेजारी काव्य, चरित्र, वैचारिक वगैरे मंडळी. रहस्यकथा आणि विनोदी पुस्तक यांची जागा खालच्या फळीवर. ही आगगाडीत वाचायची, तापातून उठताना वाचायची आणि कोणी पाहिलेच तर "सहज हाताला लागले म्हणून" असे सांगायचे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार किंवा काळापहाड ज्याने वाचला नाही असा माणूस एका पिढीत मिळणे कठीण होते, आणि वाचल्याचे चारचौघांत मोकळेपणी सांगणारा मिळणे त्याहून कठीण. विनोदाची स्थिती थोडी बरी. त्याला टाळ्या तरी मिळतात. पण 'विनोदी लेखक' असे म्हणताना आपण त्या लेखकाला मनातल्या मनात थोडी सवलत देऊन टाकतो.

गेल्या काही महिन्यांत या खालच्या फळीवरचीच चार पुस्तके मी लागोपाठ वाचली. तीन रहस्याची, एक विनोदाचे. चारही परभाषेतली. मुद्दाम ठरवून काही केले नव्हते. पण एकामागून एक वाचल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली, ती वेगवेगळी वाचली असती तर कदाचित आली नसती. ही दोन्ही घराणी एकाच कुळातली आहेत. घाम फोडणारे यंत्र आणि हसवणारे यंत्र आतून जवळजवळ सारखेच असते.

सुरुवात अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या 'अँड देन देअर वेअर नन' या 1939 सालच्या कादंबरीपासून झाली. एका बेटावर दहा माणसांना बोलावून आणले जाते आणि ती एकेक करून मरतात. कॉलेजात असताना ही कादंबरी वाचून रात्री दिवा मालवायची भीती वाटली होती. आता दुसऱ्यांदा वाचताना भीती औषधालाही उरली नाही. उरले ते सुताराच्या कामाबद्दलचे कौतुक. सांधा कुठे बसवला आहे, खिळा कुठे लपवला आहे, हे पाहताना मजा येते. पण ती दहा माणसे माणसे नव्हेतच. कथानकाचे कपडे टांगायच्या खुंट्या आहेत. ख्रिस्तीची कमाल कबूल करूनही म्हणावेसे वाटते की, जे पुस्तक एका उत्तरावर उभे असते, ते उत्तर कळले की आडवे होते. ख्रिस्ती आपल्याला सतत दाराबाहेर उभे करते. आत काय चालले आहे ते तिला ठाऊक, आपल्याला नाही.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने यातला फरक फार सोप्या रीतीने सांगितला आहे. फ्रान्स्वा त्रुफोने 1962 मध्ये त्याच्या दीर्घ मुलाखती घेतल्या, त्यांचे पुढे पुस्तक झाले. त्यात तो टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देतो. दोन माणसे टेबलाशी गप्पा मारत बसली आहेत आणि एकदम स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, पण क्षणभरच. आता तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाला आधी दाखवा. तो किती वाजता फुटणार तेही सांगा. मग तीच दोन माणसे, त्याच रिकामटेकड्या गप्पा, आणि प्रेक्षकाचा जीव टांगणीला. ओरडून सांगावेसे वाटते की, अरे बाबांनो, हवापाण्याच्या गोष्टी काय करता, उठा!

म्हणजे खरे रहस्य लपवण्यात नाही, सांगण्यात आहे. आणि एकदा सांगितले की वाचक नुसता वाचक राहत नाही. तो कटात सामील होतो.

पॅट्रिशिया हायस्मिथची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' (1955) याच सामील होण्यावर उभी आहे. न्यूयॉर्कमध्ये किरकोळ लबाड्या करून जगणारा टॉम रिप्ली. एक श्रीमंत गृहस्थ आपल्या मुलाला, डिकीला, इटलीतून परत आणण्यासाठी त्याला खर्चाने तिकडे पाठवतो. टॉम डिकीला परत आणत नाही. त्याचा खून करतो आणि स्वतःच डिकी होऊन बसतो. त्याचे कपडे, त्याच्या अंगठ्या, त्याची सही, त्याचे बोलणे. हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडते. खुनी कोण, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की, दारावर टकटक झाली की छाती कोणाची धडधडते? आपली! डिकीचा मित्र फ्रेडी संशय घेऊन रोमच्या बिऱ्हाडात येतो, तेव्हा बरे झाले, आता हा चोर पकडला जाईल, असे वाटायला हवे. वाटते भलतेच. हा कशाला कडमडला मध्येच, असे वाटते. मग फ्रेडीही मरतो आणि दारूने तर्र झालेल्या दोस्ताला सांभाळून न्यावे तसे टॉम त्याचे प्रेत जिना उतरवून मोटारीपर्यंत नेतो. त्या पानांवर मी श्वास रोखून बसलो होतो, तो प्रेत सुखरूप खाली पोचावे म्हणून.

हायस्मिथ कुठेही टॉमची बाजू घेत नाही आणि त्याला बोलही लावत नाही. ती फक्त आपल्याला त्याच्या डोळ्यांच्या मागे बसवते. बाकीचे काम आपली चांगल्या कपड्यांची, चांगल्या घराची, दुसरे कोणीतरी होण्याची हौस करून टाकते. कादंबरी मध्ये थोडी रेंगाळते, पत्रव्यवहार फार आहे आणि इटलीचे पोलीस लेखिकेच्या सोयीपुरते भाबडे आहेत. तरीही पुस्तक मिटल्यावर जी अस्वस्थता राहते, ती रिप्लीबद्दलची नसते.

मराठी वाचकाला हा अनुभव अगदीच अनोळखी नाही. अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' 1962 मध्ये रंगभूमीवर आले. नावे आणि वेष बदलून बायकांना फसवणारा लखोबा लोखंडे हा लफंगा आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. न्यायालयात एकेक साक्षीदार येऊन त्याचे वाभाडे काढतो. पण प्रभाकर पणशीकरांचा लखोबा साळसूदपणे कानांवर हात ठेवू लागला की प्रेक्षागृहात हशा उसळायचा, आणि त्या हशात नुसता तिरस्कार नव्हता. थोडी दादही होती. फसवल्या गेलेल्या बायकांच्या रांगेसमोर बसून आपण फसवणाऱ्याला दाद देतो. अत्र्यांनी ते हशात विरघळवले. हायस्मिथ आपल्याला हसूही देत नाही.

तिसरे पुस्तक जपानी, केइगो हिगाशिनो याचे 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ 2005 सालचे, इंग्रजीत 2011 मध्ये आले. सुजॉय घोष यांचा 'जाने जान' हा 2023 चा हिंदी चित्रपट याच्यावरच बेतलेला. डब्यांच्या दुकानात काम करणारी यासुको, तिची शाळकरी मुलगी, आणि पैशांसाठी छळायला आलेला तिचा आधीचा नवरा. पहिल्याच प्रकरणात त्याचा खून होतो. भिंतीपलीकडे राहणारा, रोज तिच्याकडून डबा विकत घेणारा गणिताचा शिक्षक इशिगामी मदतीला येतो. पुढचे सारे पुस्तक म्हणजे इशिगामीने मांडलेले गणित आणि ते सोडवू पाहणारा त्याचा जुना मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा. हे गणित दिसायला एका प्रकारचे असते आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच. सगळे ठाऊक असूनही आपण फसतो, आणि कसे फसतो ते सांगून कोणाचा आनंद हिरावून घेत नाही.

भाषांतर सपाट आहे आणि यासुको हे पात्र लेखकाने पुरते रंगवलेले नाही. पण माझे खरे भांडण वेगळे आहे. इशिगामीच्या त्यागाने वाचकाचे डोळे भरून येतात, माझेही आले. नंतर शांतपणे विचार केला की वाटते, हे एवढे मोठे ओझे त्या बाईने मागितले कधी होते? न मागता केलेल्या उपकाराखाली तिने उरलेले आयुष्य कसे काढायचे? भक्ती हा शब्द लेखकाने शीर्षकातच ठेवला आहे. ज्या देवाला भक्त नको असेल त्या देवाचे काय, हा प्रश्न तो शेवटच्या पानांत विचारतो आणि उत्तर न देता थांबतो. म्हणून हे पुस्तक ख्रिस्तीसारखे आडवे होत नाही.

आणि मग पी. जी. वुडहाऊस. 'द कोड ऑफ द वूस्टर्स', 1938. चहाबरोबर साय वाढायचे, गाईच्या आकाराचे चांदीचे एक भांडे. ते आपल्या नवऱ्यासाठी लांबवावे अशी बर्टी वूस्टरला त्याच्या डालिया आत्याची आज्ञा. भांडे सर वॉटकिन बॅसेटच्या हवेलीत. त्याच हवेलीत बर्टीचा मित्र गसी एक छोटी वही हरवून बसला आहे, आणि त्या वहीत त्याने होणाऱ्या सासऱ्याबद्दल, म्हणजे या बॅसेटबद्दलच, मुक्तपणे लिहून ठेवले आहे. वही घरातल्या एका खट्याळ मुलीच्या हाती लागते आणि ती तिची किंमत वसूल करू पाहते. शिवाय एका पोलिसाचे शिरस्त्राण चोरीला जायचे असते. आता यातून विनोद काढून टाका. उरते काय? चोरी, धाक, हरवलेला कागद, एकमेकांची गुपिते, रात्री अंधारात दुसऱ्यांच्या खोल्यांतून चाचपडणारी माणसे. हिचकॉकने आनंदाने चित्रपट केला असता. टेबलाखाली बॉम्बच्या जागी एक वही ठेवली आहे, एवढाच फरक.

एक प्रसंग तर रहस्यकथाकारांनी गिरवावा असा आहे. रॉडरिक स्पोड नावाचा धिप्पाड, आडदांड पुढारी बर्टीच्या अंगावर धावून येतो. स्पोडचे एक लाजिरवाणे गुपित जीव्हजने बर्टीला पुरवलेले आहे. फक्त एक नाव उच्चारायचे की स्पोड गोगलगाय होणार. आणि ऐन वेळी बर्टीला ते नाव आठवत नाही! स्पोड एकेक पाऊल पुढे येतो आहे, बर्टी डोके खाजवतो आहे. घड्याळ तेच, टिकटिक तीच. मी हसत होतो आणि हात मात्र पुस्तकावर घट्ट आवळलेले होते.

हा स्पोड हे या कादंबरीतले गंभीर प्रकरण आहे. ओस्वाल्ड मोस्लेने 1932 मध्ये ब्रिटनमध्ये फॅसिस्ट पक्ष काढला, त्याचे अनुयायी काळे सदरे घालत. वुडहाऊसचा स्पोड पक्ष काढायला निघाला तोवर रंगीबेरंगी सदरे सगळे संपलेले, म्हणून त्याच्या अनुयायांच्या नशिबी काळ्या अर्ध्या चड्ड्या आल्या. 1938 साली, युद्धाच्या तोंडावर, हुकूमशहाचे सोंग इतक्या हसत कोणी फाडले असेल असे मला वाटत नाही.

पण ज्याने हे लिहिले, त्याचे पुढे काय झाले? 1940 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घरात तो जर्मन फौजांच्या हाती सापडला आणि स्थानबद्ध झाला. 1941 मध्ये सुटका झाल्यावर त्याने बर्लिनच्या नभोवाणीवरून अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी पाच भाषणे केली. भाषणांत राजकारण नव्हते. छावणीतल्या दिवसांची नेहमीची थट्टा होती. तिकडे ब्रिटनवर बॉम्ब पडत होते. देश खवळला. देशद्रोही म्हणून त्याची संभावना झाली. जॉर्ज ऑर्वेलने 1945 मध्ये लेख लिहून त्याची बाजू मांडली: हा माणूस दुष्ट नाही, राजकारणाच्या बाबतीत तो फक्त भाबडा आहे. वुडहाऊस पुढे अमेरिकेतच राहिला, इंग्लंडला परतला नाही. 1975 च्या आरंभी त्याला 'सर' केले आणि दीड महिन्यात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, तो गेला.

मला ऑर्वेलचे म्हणणे पटते, पण पुरते समाधान होत नाही. स्पोडचे हास्यास्पद रूप ज्याला इतके लखलखीत दिसले, त्याला खरे स्पोड समोर ध्वनिक्षेपक घेऊन उभे राहिले तेव्हा दिसलेच नाहीत. त्याच्या जगात प्रत्येक आडदांडाचे एक गुपित असते आणि ते उच्चारले की तो गोगलगाय होतो. टेबलाखाली नेहमी वहीच असते. तिथे कधी बॉम्बही असू शकतो, हे हायस्मिथला ठाऊक होते, वुडहाऊसला नव्हते. तरीही या चौघांतले कोणते पुस्तक मी पुन्हा उघडीन, असे विचारले तर उत्तर तयार आहे. 'वूस्टर्स' उघडून झालेसुद्धा.

त्या दुसऱ्या वाचनात सारखा आठवत राहिला तो चिं. वि. जोशींचा चिमणराव. तोही आपली गोष्ट आपणच सांगतो आणि आपण किती गोंधळ घातला हे त्याला सोडून सगळ्यांना कळते. काऊला कळते, वाचकाला तर आधीच. पण चिमणराव राहिला गोष्टींत. गुंत्यात गुंता घालत नेणारी लांब पल्ल्याची विनोदी कादंबरी मराठीत क्वचितच झाली. तो सगळा ऐवज आपण रंगभूमीला दिला. 'मोरूची मावशी' घ्या, बबन प्रभूंची 'झोपी गेलेला जागा झाला' किंवा 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' घ्या. दारे धाडधाड उघडतात, मिटतात, कोण कुठल्या खोलीत लपले आहे ते प्रेक्षकाला ठाऊक आणि रंगमंचावरच्यांना नाही. वुडहाऊस हेच कागदावर करतो, फक्त बर्टीच्या बोलण्याच्या जोरावर.

म्हणून त्याचे मराठीकरण मनातल्या मनात करून पाहिले. दुसऱ्या पानावरच अडलो. बर्टी जीव्हजला काय म्हणेल, 'तू' की 'तुम्ही'? इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही झाकून जाते. 'अरे जीव्हज' म्हटले की तो घरगडी झाला, आणि जीव्हज घरगडी नव्हे. 'अहो जीव्हज' म्हटले की तो बर्टीचा हेडमास्तर झाला, जो तो आहेच, पण ते बर्टीने उघडपणे कबूल करता कामा नये. आणि जीव्हजच्या त्या थंडगार 'सर'चे काय करायचे? 'साहेब' कचेरीतले वाटते, 'मालक' शेतावरचे, 'धनी' तर थेट तमाशातले. चिं. विं.ना सुचले असते काहीतरी.