तगाद्याची चार पत्रे

या सदरात आज ठरलेले सभेच्या इतिवृत्ताचे प्रकरण पुढे ढकलतो. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका लहान युनिटमध्ये हिशेब सांभाळणाऱ्या वाचकाचा प्रश्न आला आहे, आणि त्याला आठवडाभर थांबवणे मला पटत नाही. नोकरी करत करत तो मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी.कॉम. करतो आहे. एका मोठ्या पार्टीकडे तीन महिन्यांचे पैसे अडकले आहेत. मालक म्हणाले, ‘इंग्रजीत एक कडक मेल टाक.’ तो विचारतो, कडक म्हणजे नेमके किती कडक? पुढची ऑर्डरही त्याच पार्टीकडून यायची आहे.

हा प्रश्न आपल्या या सगळ्या पट्ट्याचा आहे. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणारे, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणारे, गजानन मार्केटमधले कापडवाले, यांचा सगळा व्यवहार उधारीवर चालतो. माल आधी जातो, पैसे मागून येतात. त्यामुळे इथल्या बी.कॉम.च्या मुलाला पहिल्या नोकरीत कोणते इंग्रजी पत्र लिहावे लागेल, असे मला कुणी विचारले, तर मी डोळे मिटून तगाद्याचे पत्र म्हणेन.

आणि नेमके तेच आपण नीट शिकवलेले नाही. एफ.वाय.बी.कॉम.च्या बिझनेस कम्युनिकेशनचा जो अभ्यासक्रम आपल्या कॉलेजांत वर्षानुवर्षे चालला, त्याच्या दुसऱ्या सत्रात व्यापारी पत्रांचा भाग होता. चौकशी, तक्रार, भरपाईचा दावा, विक्रीपत्र, ग्राहक गाऱ्हाणे, माहिती अधिकाराचा अर्ज हे सगळे सविस्तर शिकवायचे. ऑर्डर, पत-चौकशी आणि वसुली यांची मात्र फक्त थोडक्यात ओळख करून द्यायची. माहिती अधिकाराचा अर्ज त्यात आला याचा मला आनंदच आहे. पण तो मराठीतही करता येतो, कायद्याच्या कलम ६ मध्येच तशी सोय आहे. चेन्नईच्या किंवा अहमदाबादच्या पार्टीला तगादा मराठीत करता येत नाही.

ज्या शहरात हे सांगतो आहे, त्याचा वारसाही पाहा. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी कल्याणच्या लष्करी छावणीला उल्हासनगर हे नाव दिले. तिथे वसलेल्या सिंधी कुटुंबांच्या समाजात फाळणीआधीच दूरदेशी व्यापाराची मोठी परंपरा होती. सिंधमधल्या हैदराबादच्या सिंधवर्की पेढ्यांच्या शाखा जपानमधल्या कोबेपासून पनामापर्यंत पसरल्या होत्या. क्लॉड मार्कोविट्स या इतिहासकाराने २००० साली त्यांच्यावर आणि शिकारपूरच्या सावकारांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. एवढ्या अंतरावरची येणी वसूल करायची, तर पत्र हे मोठे साधन होते. उल्हासनगरचे चांदीबाई कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या नावात आजही ते हैदराबाद आहे. पत्रावर पैसे वसूल करायची विद्या या गावाला परकी नाही, ती फक्त वर्गात आणायची राहिली आहे.

आता वाचकाच्या प्रश्नाकडे वळतो. एक कडक मेल टाकायची नसते. चार पत्रांची मालिका लिहायची असते, आणि प्रत्येक पत्राचे काम वेगळे असते.

पहिले पत्र मुदत उलटल्यावर आठवड्याभरात जाते. समोरच्याच्या हातून राहून गेले असेल, एवढेच ते गृहीत धरते. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, देय तारीख, सोबत बिलाची प्रत, बस. इथे आपली मुले एक ठराविक चूक करतात. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘बिलाचे पैसे अजून आलेले नाहीत.’ त्यात कुणावर बोट नाही. तोच मुलगा इंग्रजीत लिहायला बसला की सुरुवात करतो, ‘यू हॅव नॉट पेड’. पहिल्याच ओळीत आरोप होतो. वाक्याचा कर्ता बिलाला करा: ‘इन्व्हॉइस नंबर अमुक रिमेन्स अनपेड’. आणि प्लीज, काइंडली, रिक्वेस्ट हे तिन्ही एका वाक्यात कोंबू नका. इंग्रजीत अदब येते ती क्रियापदातून आणि प्रश्नातून: ‘कुड यू लेट अस नो वेन वुई मे एक्स्पेक्ट पेमेंट?’

दुसरे पत्र माझे सर्वात आवडते. ते पैसे मागतेच, पण त्याचे खरे काम विचारपूस करण्याचे आहे. मालात काही खोट आहे का? बिलात काही फरक आहे का? चलनावर सही राहिली आहे का? बहुतेक लोक हे पत्र गाळून एकदम धमकीवर येतात, आणि मग चार महिन्यांनी पार्टी म्हणते, ‘माल खराब होता.’ २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे (एमएसएमईडी) मालाबद्दलची हरकत डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी घ्यावी लागते, नाही घेतली तर माल स्वीकारला असे धरतात. म्हणून दुसऱ्या पत्रात ‘आजपर्यंत आपली कोणतीही लेखी हरकत आम्हाला आलेली नाही’ हे एक वाक्य शांतपणे नोंदवून ठेवायचे. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

तिसऱ्या पत्रात तोडगा मांडायचा. निम्मी रक्कम या तारखेला, उरलेली त्या तारखेला. इथे ‘कुड’ जाऊन ‘मस्ट’ येऊ शकते, पण सोबत वाट दाखवलेली असली पाहिजे. याच पत्रात बाकी रकमेची लेखी कबुली मागा. त्यामागे भक्कम कारण आहे. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. त्या मुदतीच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी बाकी मान्य केली, तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ खाली त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. दर ३१ मार्चनंतर जुने हिशेबनीस पार्टीकडे बाकी-पुष्टीचे पत्र पाठवतात ते उगाच नाही.

चौथे पत्र कायद्याचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरल्या तारखेला, आणि करार काहीही असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे एमएसएमईडी कायद्याचे कलम १५ सांगते. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्याशिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आणली की या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. मोठ्या पार्टीचा अकाउंटंट हे वाक्य वाचून खुर्चीत सरसावून बसतो, हे मी पाहिले आहे.

गजानन मार्केटच्या वाचकांनी मात्र एक लक्षात ठेवावे. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या कर्जातल्या प्राधान्यासाठी. ४५ दिवसांचा हा आधार त्यांना त्या नोंदणीने मिळत नाही. जीन्स शिवणारा लिहू शकेल ते पत्र जीन्स नुसती विकणाऱ्याने उतरवून काढू नये.

चौथ्या पत्राचे व्याकरण सोपे आहे. ‘वुड’ आणि ‘कुड’ दोन्ही बाजूला ठेवा. ‘इफ वुई डू नॉट रिसीव्ह’ आणि पुढे सरळ ‘वुई विल’. जे करणार आहात तेवढेच लिहा: एमएसएमईडी कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करणार असाल तर तसे, माल थांबवणार असाल तर तसे. न्यायालयात जायची तयारी नसताना न्यायालयाचे नाव घेतले, की समोरच्याला ते लगेच कळते.

आमच्या अंबरनाथच्या वाचकाने पहिले दोन टप्पे तोंडी, फोनवर केले आहेत. त्यांची लेखी नोंद कुठेच नाही. म्हणून त्याने दुसऱ्या पत्रापासून सुरुवात करावी आणि फोन कोणत्या तारखांना झाले ते त्यात घालावे.

बाकीच्यांनीही हे पत्र लिहून पाहा. बिल २ जूनचे, रक्कम ८४,६०० रुपये, माल त्याच दिवशी पोचला, लेखी करार नाही, आज १० जुलै. पहिली आठवण जाऊन पंधरवडा झाला, उत्तर आलेले नाही. शंभर शब्दांच्या आत बसवा, आणि ‘यू’ कर्ता असलेले वाक्य फक्त एकदाच येऊ द्या.