पापणीची जखम आणि पेन्शन : ऐकीव किती, खरं किती?

धार-देवासला पवारांच्या काळापासून मराठी घरं आहेत, आणि महूची छावणी धार जिल्ह्याला अगदी लागून. त्यामुळे इथे माजी सैनिक भेटतात आणि एक वाक्य हमखास ऐकू येतं : "नजर शाबूत आहे ना? मग पापणीला कसली पेन्शन!"

हा समज घातक आहे. छर्रा लागून किंवा भाजून पापणी आखडली की झोपेतही डोळा पुरता मिटत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, त्यावर व्रण होतो, आणि आज शाबूत असलेली नजर पुढे अधू होते. कधी केस आत वळून डोळ्याला सतत टोचतात. म्हणून "पापणीला जखम" एवढीच नोंद पुरत नाही. डोळा किती मिटतो, व्रण आहे का, नजर किती, हे सेवेतून बाहेर पडताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर आलंच पाहिजे. पेन्शनसाठी अपंगत्व साधारणपणे किमान २० टक्के ठरावं लागतं आणि त्याचा सेवेशी संबंध दिसावा लागतो.

जखम लढाईतलीच हवी, हेही खरं नाही. सराव किंवा ड्युटीवरचा अपघातही धरतात. सुट्टीत घरी झालेला खासगी अपघात मात्र सहसा बसत नाही.

"मी पूर्ण नोकरी करून आलो, मला कुठलं अपंगत्व?" असं म्हणून कित्येक जण गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ला राम अवतार प्रकरणात अशा निवृत्तांनाही टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा लाभ दिला : २० टक्के असेल तर हिशेब ५० टक्क्यांनी. त्याआधी २०१३मध्ये धर्मवीर सिंग निकालाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असंच मानायचं. उलट सिद्ध करणं सरकारचं काम. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, तेव्हा आपली निवृत्तीची तारीख आधी पाहा.

उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण थकबाकी बहुधा मागच्या ३ वर्षांचीच मिळते. दावा फेटाळला तर आधी खात्यात अपील करा. मग सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मध्य प्रदेशासाठी त्याचं पीठ जबलपूरला. जाण्याआधी इंज्युरी रिपोर्ट आणि मेडिकल बोर्डाची प्रत हातात घ्या. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला आजच लेखी मागा.