धुराचें प्रमाण

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि पलीकडे चाकण हा मुलूख आज मोटारींचें माहेरघर झाला आहे. टाटा, बजाज, फोर्स, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन अशा नामांकित कंपन्यांचे कारखाने येथें आहेत, व आपल्या पुष्कळ घरांतील मुलगे-सुना तेथें नोकरीस आहेत. तेव्हां मोटारीच्या धुराचा विचार हा आपल्या घरचाच विचार होय.

डिझेलच्या इंजिनांत ठिणगी लागत नाहीं. हवा अतिशय दाबली म्हणजे तापते, आणि तींत तेलाचा फवारा सोडतांच तें पेट घेतें. या रीतीनें तेल कमी लागतें, हा गुण; पण अर्धवट जळालेल्या तेलाची काजळी आणि नत्राचीं विषारी ऑक्साइडें हे दोन दोष त्यासवें येतात. काजळीचे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर उतरतात. जेथें दम्याचे आजोबा व पाळण्यांतलें मूल एकाच छपराखालीं नांदतात, त्या घरास याहून अधिक सांगणें नको.

या धुराची मर्यादा आपल्याकडे 'भारत स्टेज' या नांवानें ठरते. युरोपच्या धर्तीची ही शिडी. पहिली पायरी २००० सालीं आली. चौथी २०१० मध्यें पुण्यासह कांहीं शहरांस आणि २०१७ मध्यें सर्व देशास लागू झाली. पुढें पांचवी गाळून १ एप्रिल २०२० पासून सहावी आली. नत्राच्या ऑक्साइडांची डिझेल मोटारीस असलेली मर्यादा दर किलोमीटरास ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर उतरली. गंधकानें धूर शुद्ध करणारीं उपकरणें बिघडतात, म्हणून डिझेलमधील गंधकही दहा लक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणावा लागला. शेजारी देशांची चाल निराळी: नेपाळनें २०१२ मध्यें युरोपची तिसरी पायरी धरली, तर श्रीलंकेनें २०१८ मध्यें चौथी. वारा मात्र सरहद्द ओळखीत नाहीं.

मर्यादा कितीही कडक केली तरी ती मोजावयाची कोठें, हा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेंत उघडकीस आलें कीं, फोक्सवॅगननें आपल्या डिझेल मोटारींत चाचणी ओळखणारी संगणकीय योजना बसविली होती. प्रयोगशाळेंत गाडी सोज्ज्वळ, रस्त्यावर मोकाट! तपासनीस येतील त्या दिवशींच हाताची घडी घालून बसणारा विद्यार्थी आम्हां शिक्षकांस अपरिचित नाहीं.

येथील गाड्यांची तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें केली. रस्त्यावर धुराचें प्रमाण मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरलें. डिसेंबर २०१५ मध्यें कंपनीनें सुमारें ३ लक्ष २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या; परंतु रस्त्यावरील चाचणीस भारतांत मर्यादाच ठरलेली नाहीं, सबब आपण कायदा मोडलेला नाहीं, असें तिचें म्हणणें होतें. मार्च २०१९ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली.

कंपनीचा दोष किती, याचा निवाडा न्यायासनानें करावा. तिच्या युक्तिवादानें आपल्या नियमांतील फट मात्र दाखविली. न्यायशास्त्रांत प्रमाणांमध्यें पहिला मान प्रत्यक्षाला आहे. आपण शब्दप्रमाणावर, म्हणजे दाखल्यावर, विसंबून राहिलों होतों. १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींस रस्त्यावरील चाचणीचीही मर्यादा लागू झाली. उशिरां कां होईना, प्रत्यक्षास त्याचें स्थान मिळालें.

आतां घरधन्याचें कर्तव्य. पीयूसीचा दाखला घेतांना सायलेन्सरच्या नळींत यंत्राची दांडी खरोखर घातली कीं नाहीं, हें उभें राहून पाहावें. काजळीची गाळणी खर्च वांचविण्यासाठीं काढून टाकूं नये. न तपासतां मिळालेल्या दाखल्यानें पोलिसाचें समाधान होईल. नातवाच्या फुप्फुसांचें होणार नाहीं.